क्रुसावरचे दिवे जरा बंद करा

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि रविवारी उपासनेला गेले. निवृत्तीनंतर सहा इंची दुर्बीण घेतली. आधी आमच्या मंडळीतल्या संडेस्कूलच्या मुलांना, मग आसपासच्या मंडळ्यांच्या तरुण संघांना, कधी एखाद्या महिला मंडळाला आकाश दाखवायला लागले. दुर्बिणीपाशी अंधारात उभं राहिलं की माणसं मनातलं बोलतात. ‘बाई, हे एवढं सगळं असेल तर देवाला आपली आठवण तरी राहत असेल का?’ हा प्रश्न चर्चमध्ये कुणी उठून विचारत नाही, दुर्बिणीपाशी मात्र हमखास येतो. त्या प्रश्नाच्या सोबतीनं जे शिकले ते इथं लिहिते आहे. क्रम लागेल तसा आहे.

१. तिसऱ्या आकड्यानंतर थांबावं

विश्वाच्या पहिल्या आकड्याला लोक ‘बापरे’ म्हणतात, दुसऱ्याला मान डोलावतात, तिसऱ्याला जांभई देतात आणि चौथ्याला डास मारू लागतात. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, चंद्रावरून सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून आठ मिनिटांहून थोड्या जास्त वेळात. इथपर्यंत डोकं साथ देतं. पुढचं आकड्यात सांगण्यात अर्थ नसतो. म्हणून मी खिशातून राजगिऱ्याचा दाणा काढते.

पृथ्वी या दाण्याएवढी, म्हणजे एक मिलिमीटरची धरली, तर सूर्य ११ सेंटिमीटरचा गोळा होतो. तो दाण्यापासून पावणेबारा मीटरवर ठेवावा लागतो. चर्चच्या आवारात हे सहज बसतं. एका पोराच्या हातात दाणा, दुसऱ्याच्या हातात चेंडू. मग विचारते, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा कुठं ठेवायचा? कुणी फाटक दाखवतं, कुणी स्टेशन. उत्तर आहे बँकॉकच्या पलीकडे, पुण्याहून तीन हजार किलोमीटरपेक्षा लांब. आणि मधल्या जागेत जवळजवळ काहीच नाही. १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर १ यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं अजून धावतंय. त्या वेगानं एवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील.

एवढं झालं की तोंड बंद ठेवून देवयानी दीर्घिकेकडे दुर्बीण वळवावी. डोळ्याला दिसतो तो फक्त एक पांढुरका पुसट डाग. तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे हे सांगितल्यावर पोरं पुन्हा रांगेत उभी राहतात, तोच डाग परत बघायला.

२. प्रश्न हबलच्या दुर्बिणीनं निर्माण केलेला नाही

पुष्कळांना वाटतं, जुन्या लोकांचं जग छोटंसं होतं, पृथ्वी मधोमध आणि वर चांदण्यांचं छत, म्हणून त्यांना देवावर विश्वास ठेवणं सोपं गेलं. असं नव्हतं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीनं आपल्या ग्रंथात पृथ्वी मधोमध ठेवली खरी, पण आकाशाच्या मानानं ती एका बिंदूएवढी आहे हेही बजावून सांगितलं. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यार्थ्यांना हे पाठ असे. आणि त्याच्याही कितीतरी आधी आठव्या स्तोत्राच्या कवीनं रात्रीचं आभाळ बघून नेमकं तेच विचारलंय जे मला ती पोरं विचारतात: या सगळ्यापुढे माणूस तो काय, आणि त्याची दखल का घ्यावी?

बदलला तो आकडा. १९२० पर्यंत आपली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व, असं मानणारे मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ होते. त्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांचा त्यावर जाहीर वाद झाला. हेन्रिएटा लेविट या बाईंनी काही ताऱ्यांच्या उघडझाप करणाऱ्या तेजावरून अंतर मोजायची किल्ली १९१२ सालीच देऊन ठेवली होती. तिच्या आधारे एडविन हबल यांनी १९२३-२४ मध्ये देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे दाखवलं. माझ्या आजोबांच्या तरुणपणी एकच आकाशगंगा होती. मला अब्जावधी मिळाल्या. आजोबा ज्या बाकावर बसून विश्वासाची कबुली म्हणत त्याच बाकावर मी म्हणते, आणि विश्व इतकं फुगलं म्हणून तिच्यातला शब्द कुणाला बदलावा लागलेला नाही. यावरून कबुली खरी ठरत नाही. पण विश्व मोठं निघालं की ती मोडेल, ही अपेक्षा चुकीची होती एवढं ठरतं.

३. मोजपट्टी दोघांच्या हातात एकच

आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी होते, पक्के नास्तिक आणि अत्यंत सज्जन. त्यांचं म्हणणं, ‘एवढ्या पसाऱ्यात एका धुळीच्या कणावरच्या प्राण्यांसाठी कुणी देव बसलाय, हे हास्यास्पद आहे.’ त्याच सुमारास एका उज्जीवन सभेत वक्त्यांनी गर्जना केली, ‘एवढा पसारा आपोआप होईल का? म्हणजे देव आहेच!’ मला दोघांचं भाषण एकच वाटलं. दोघांनीही आकार मोजला आणि त्यातून ज्याला जे हवं ते काढलं.

यावर भौतिकशास्त्राला सांगण्यासारखं एक आहे, आणि ते मी दोन्ही पक्षांना सांगते. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले. आपल्या हाडांतलं कॅल्शियम, रक्तातलं लोह, सगळ्या सजीवांतला कार्बन नंतर ताऱ्यांच्या पोटात शिजला. तारे जळून, फुटून ते अवकाशात उधळलं गेलं आणि त्यातून पुढचे तारे, ग्रह झाले. याला शेकडो कोटी वर्षं लागतात. तेवढा काळ विश्व प्रसरण पावत राहणार, म्हणजे ते अवाढव्य होणारच. एका राजगिऱ्यावर कुणी प्रश्न विचारणारं यायचं असेल तर विश्व एवढं जुनं, आणि म्हणून एवढं मोठं, असावं लागतं. छोटंसं, नीटनेटकं विश्व निघालं असतं तर त्यात आपण नसतो.

उज्जीवन सभेतल्या वक्त्यांना हे ऐकून आनंद झाला असता आणि त्यांनी लगेच ते पुरावा म्हणून वापरलं असतं. तो पुरावा नाही. कार्बन कसा शिजतो हे ज्यांनी सगळ्यात खोलवर शोधलं त्यांतले फ्रेड हॉइल श्रद्धाळू ख्रिस्ती नव्हते. ‘मोठं आहे म्हणून माणूस क्षुल्लक’ हा युक्तिवाद मात्र यानं लंगडा होतो, आणि तेवढ्यावर मी समाधानी आहे.

४. महास्फोटाला देवाचा साक्षीदार करू नये: हे एका पाद्र्यानंच शिकवलं

मंडळ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, ‘विज्ञानानंच आता सिद्ध केलंय, बिग बँग झाला, म्हणजे उत्पत्तीचा पहिला अध्याय खरा.’ टाळ्या मिळतात. अशा वेळी मी जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगते, जरा लांबली तरी चालेल म्हणून.

लमेत्र बेल्जियमचे, जन्म १८९४. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, १९२३ साली कॅथलिक धर्मगुरू झाले, मग केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे आणि नंतर अमेरिकेत शिकले. १९२७ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात फ्रेंचमध्ये निबंध छापला: आइन्स्टाइन यांची समीकरणं घेतली तर विश्व प्रसरण पावतंय असं निघतं, आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून पळताना दिसतात त्याचं कारण तेच. तो निबंध फारसा कुणी वाचला नाही. आइन्स्टाइन भेटले तेव्हा त्यांनी गणितात खोट काढली नाही, पण त्यातलं भौतिकशास्त्र त्यांना मुळीच पटलं नाही. १९३१ साली लमेत्र आणखी पुढे गेले: प्रसरण उलटं मागे नेलं तर सगळं एका आदिम अणूपाशी येतं. महास्फोटाच्या कल्पनेची ही सुरुवात. विरोधकांचा संशय स्वाभाविक होता. पाद्री सांगतोय म्हणजे हा मागच्या दारानं उत्पत्तीचा अध्याय आणत असणार!

आणि मग १९५१ साली खुद्द पोप पायस बारावे वैज्ञानिकांसमोर बोलले आणि आधुनिक विज्ञान जणू त्या पहिल्या प्रकाशाच्या क्षणाची साक्ष देत आहे असं सुचवून गेले. दुसरा कुणी पाद्री असता तर त्यानं ते भाषण चौकटीत लावून भिंतीवर टांगलं असतं. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धर्माच्या प्रश्नाच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, तो मानायला किंवा नाकारायला आस्तिक आणि नास्तिक दोघेही सारखेच मोकळे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख डॅनियल ओकॉनेल यांच्यासह त्यांनी ती वरपर्यंत पोचवली. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे पोप बोलले तेव्हा तो मुद्दा भाषणात नव्हता. लमेत्र १९६६ च्या जूनमध्ये वारले. त्याआधी थोडेच दिवस, विश्वाच्या उष्ण बालपणाचा उरलेला मंद किरणोत्सर्ग पेन्झियास आणि विल्सन यांना सापडल्याची बातमी त्यांना आजारपणात कळली होती. २०१८ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेनं मतदान घेऊन दीर्घिकांच्या या पळण्याबद्दलच्या हबलच्या नियमाला ‘हबल-लमेत्र नियम’ म्हणावं अशी शिफारस केली.

आपल्याकडे ही गोष्ट पुण्यात सांगताना आणखी एक नाव घ्यावंच लागतं. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था ज्यांनी उभी केली ते जयंत नारळीकर महास्फोट मानत नसत. हॉइल यांच्याबरोबर त्यांनी सुरुवात नसलेल्या विश्वाची मांडणी केली आणि १९९३ नंतर तिचं सुधारलेलं रूपही मांडलं. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूचे नव्हते, तरी ते आपल्या भूमिकेवरून हलले नाहीत. आता समजा, उद्या नारळीकरच बरोबर निघाले. विश्वाला सुरुवातच नाही. ज्या पाळकांनी महास्फोटावर टाळ्या मिळवल्या त्यांनी काय करायचं? त्यांचा देव पहिल्या क्षणापाशी अडकून बसलेला, आणि तो क्षणच नाहीसा झालेला!

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हे ओळखलं होतं. जगाला सुरुवात आहे हे ते शास्त्रवचनावरून मानत, पण केवळ तर्कानं ते सिद्ध करता येत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. जग अनादि असतं तरी ते निर्मिलेलंच असतं, कारण निर्माण करणं म्हणजे कधीतरी एकदा धक्का देणं नव्हे, तर जे आहे त्याला या घडीलाही असू देणं. मला हे समजायला शिक्षकी पेशातली बरीच वर्षं लागली, पण समजल्यावर वर्तमानपत्रातल्या विज्ञानाच्या बातम्या भीती न वाटता वाचता यायला लागल्या.

५. सहा दिवसांबद्दल विचारलं तर टाळू नये

विचारणारे बहुधा वडीलधारे असतात आणि खरोखर दुखावलेले असतात. त्यांना मी सांगते की सूर्य चौथ्या दिवशी येतो आणि झाडं तिसऱ्या दिवशी, हे लिहिणाऱ्याला दिसत नव्हतं असं समजू नका. सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ कसली, यावर संत ऑगस्टीन पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच डोकं खाजवत होते. ते हेही लिहून गेले की निसर्गाबद्दल अडाणी विधानं शास्त्राच्या नावानं केली तर बाहेरचे जाणकार आपल्याला हसतील आणि मग पुनरुत्थानाबद्दलही आपलं ऐकणार नाहीत. त्या अध्यायाचं खरं धाडस वेगळंच आहे. शेजारची बाबिलोनी दुनिया सूर्य-चंद्राला देव म्हणून पूजत होती, आणि इथं त्यांना चौथ्या दिवशी दिवे म्हणून टांगलंय, दिवस आणि ऋतू मोजायला.

आर्चबिशप अशर यांनी १६५० साली हिशोब करून निर्मितीची तारीख ख्रिस्तपूर्व ४००४, २३ ऑक्टोबर अशी काढली. त्या काळाच्या मानानं ते विद्वत्तेचं काम होतं. आज तीच तारीख धरून बसणं विद्वत्तेचं नाही.

६. गॅलिलिओ लपवू नये

कुणीतरी काढणारच. १६३३ साली त्याला गुडघ्यावर बसवून माघार घ्यायला लावली आणि उरलेलं आयुष्य घरकैदेत ठेवलं. चर्चनं चूक औपचारिकपणे मान्य करायला १९९२ उजाडलं. ‘पण बाकीच्यांनीही…’ असं सुरू करू नये.

मला स्वतःला या प्रकरणातलं १६१६ हे साल जास्त खुपतं. त्या वर्षी मार्चमध्ये रोममध्ये कोपर्निकसच्या पुस्तकावर दुरुस्ती होईपर्यंत बंदी आली. आणि त्याच वर्षी गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, निर्मितीपासूनची सगळी कथा ओवीत, मराठीत. एकाच चर्चनं एकाच वर्षी एका दाराला कुलूप लावलं आणि दुसरं सताड उघडलं. चर्चचा इतिहास शिकवताना मी ही दोन्ही दारं एकत्र सांगते.

७. दुर्बिणीपाशी प्रवचन नको, आणि दिवेही नकोत

आता व्यवहाराचं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलनं ती सेकंदात जाते. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. चंद्र नसेल अशी रात्र घ्या, पण लहान मुलं जास्त असतील तर शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या आसपासची तिथी बरी, चंद्रावरची विवरं बघून ती खूश होतात. शहरातल्या मंडळीत खरी अडचण क्रुसाची असते. हल्ली शिखरावरच्या क्रुसाला निळे नाहीतर पांढरे एलईडी असतात आणि आवारात फ्लडलाइट. मी आधी फोन करते, ‘पाळकसाहेब, तासाभरासाठी क्रुसावरचे दिवे जरा बंद करा.’ बहुतेक जण हसून करतात. एकांनी ते कमिटीपुढे ठेवलं. कमिटीनं पुढच्या सभेत विचार करू म्हटलं आणि तोवर पावसाळा आला. नगर जिल्ह्यात माझ्या माहेरी ही भानगड नाही, तिथं लोडशेडिंगच पाळकाचं काम करतं.

शनी दिसत असेल तर त्यालाच शेवटी ठेवा. बघणारा हमखास विचारतो, ‘चित्र चिकटवलंय का आत?’ २०२५ मध्ये त्याची कडी कडेनं आली होती, रेघेएवढी बारीक. एका मुलानं निराश होऊन तक्रार केली. त्याला सांगितलं, १६१२ मध्ये गॅलिलिओचीही अशीच पंचाईत झाली होती.

आणि डोळा लावलेल्या माणसाच्या कानाशी स्तोत्र म्हणू नका. एकोणिसावं स्तोत्र स्वतःच सांगतं की आकाश शब्दांवाचून बोलतं. मग आपण मधे कशाला?

८. भीती वाटली तर वाटू द्यावी

महिला मंडळातल्या एक काकू, यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. देवयानीचा डाग बघून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, ‘मला तर धडकीच भरली. आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही.’ शेजारच्या बाई लगेच धीर द्यायला सरसावल्या, देव किती महान आहे वगैरे. काकू गप्प राहिल्या, कारण देव महान असणं हाच तर त्यांचा प्रश्न होता.

ईयोबाचं पुस्तक मला म्हणूनच प्रामाणिक वाटतं. मुलंबाळं गमावलेल्या त्या माणसाला परमेश्वर वादळातून उत्तर देतो, आणि ते उत्तर म्हणजे जवळजवळ खगोलशास्त्राचा तास आहे: कृत्तिका, मृगशीर्ष, पृथ्वीचा पाया, समुद्राची दारं. ‘हे तुझ्या वाट्याला का आलं’ हे मात्र शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. विशालता सांत्वन करत नाही हे बायबललाच ठाऊक आहे.

ख्रिस्ती श्रद्धेचं अवघड दुसरीकडेच आहे. देव अफाट आहे हे कुणीही म्हणेल. तो गोठ्यात, गव्हाणीत, अंगावर पिऊन झोपला, हे पचायला कठीण. १९९५ साली १८ ते २८ डिसेंबर, म्हणजे ऐन नाताळात, हबल दुर्बीण सप्तर्षींजवळच्या एका रिकाम्या वाटणाऱ्या ठिपक्याकडे रोखून ठेवली होती. तिथं काही सापडणार नाही, मौल्यवान वेळ वाया जाईल, असं सांगणारे होते; संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातला वेळ देऊन ते केलंच. सगळ्या आकाशाच्या सुमारे २ कोटी ४० लाखाव्या भागात जवळपास तीन हजार दीर्घिका निघाल्या. त्याच रात्री आमच्या वस्तीत दारोदार कागदी तारे लटकत होते. काकूंना मी हे चित्र दाखवलं आणि म्हटलं की मी या दोन्हींवर विश्वास ठेवते, पण ते एकमेकांत कसे बसतात ते मला समजावून सांगता येणार नाही. ‘मग बरं,’ त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी भावजयीला घेऊन आल्या.

९. मुलांनी विचारलं की आधी सालं शोधावी, मग घाबरावं

नववीतली एक मुलगी. ‘टीचर, दुसऱ्या ग्रहावर माणसं असली तर येशू त्यांच्यासाठी पण मेला का? की तिकडे वेगळा?’ मागे उभ्या आयांच्या भुवया वर गेल्या. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती आजवर सहा हजारांहून जास्त ग्रह सापडलेत, त्यामुळे प्रश्न थट्टेवारी नेण्यातला नाही. तिला सांगितलं की १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी चुकीच्या मतांची मोठी यादी काढली, आणि देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही असं म्हणणं हे त्या यादीत होतं. म्हणजे इतर जगं असतील असं म्हणण्यापेक्षा, असूच शकत नाहीत असं म्हणणं तेव्हा पाखंड ठरलं. व्हॅटिकन वेधशाळेच्या दोन जेझुइट शास्त्रज्ञांनी तर परग्रहवासीयाला बाप्तिस्मा द्याल का, या प्रश्नाच्या नावानंच २०१४ मध्ये पुस्तक लिहिलंय. नेमकं उत्तर त्यांच्याकडेही नाही, माझ्याकडेही नाही.

तिनं थोडा विचार केला. ‘मग हे मी रविवारी पाळकसाहेबांना विचारू?’

‘विचार,’ म्हटलं, ‘पण आधी मला फोन करू दे त्यांना. बिचारे तयारीनं येतील.’